अर्धलीवर आणलेली शेवंती

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

आम्ही मानपाड्याला राहतो. गेल्या वर्षी आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या एका मुलाकडून मी पर्शियन मांजरीचं पिल्लू घेतलं. पांढरीशुभ्र, पंच फेस, म्हणजे नाक आत दबलेलं चपटं तोंड. असं पिल्लू पंचवीस हजारांना जातं म्हणाला, मला आठ हजारांत दिलं. बोली अशी की पहिल्या वेतातली दोन पिल्लं त्याची. शेवंती आता अकरा महिन्यांची झाली. मागच्या आठवड्यात ती हीटमध्ये आली, रात्रभर ओरडली, खालच्या मजल्यावरच्यांनी सेक्रेटरींकडे तक्रार केली. मी त्या मुलाला फोन केला तर म्हणाला, "काकू, पुढच्या वेळी घेऊन या, माझ्या स्टडबरोबरच लावू." तो स्टड, म्हणजे पैदाशीसाठी ठेवलेला बोका, हा शेवंतीचाच बाप! मी म्हटलं, अरे, असं कसं? तर म्हणतो, "काकू, प्राण्यांत नाती नसतात. याला लाईन ब्रीडिंग म्हणतात. चेहरा अजून चपटा येतो, लाईन पक्की होते. सगळे हेच करतात." माझी मुलगी बारावीला आहे, तिनं हे ऐकल्यापासून घर डोक्यावर घेतलंय. मिस्टर म्हणतात, शब्द दिलाय तो पाळायचा. जाऊबाई म्हणतात, एकदा तरी आई होऊ दे बिचारीला. मला स्वतःला काय वाटतं तेच कळेनासं झालंय. हे पाप आहे का? की मी माणसांचे नियम उगाच मांजराला लावतेय? खरं सांगू, तिचं ते रुसलेलं तोंड मला फार गोड वाटतं, आणि तसंच एखादं पिल्लू आपल्याकडे राहिलं तर बरं, असंही मनात येतं. तब्येत तिची उत्तम आहे. फक्त डोळे सारखे पुसावे लागतात आणि झोपेत आजोबांसारखी घोरते.

एक वाचक, मानपाडा, ठाणे

*

ताई,

आधी तातडीचं. शेवंतीला त्या घरी पाठवू नका. तो बोका तिचा बाप आहे म्हणून नको, आणि बाप नसता तरी नको. ही दोन वेगवेगळी कारणं आहेत आणि तुमच्या घरातल्या भांडणात ती एकमेकांत गुंतलीत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. ती दोन-तीन आठवड्यांत पुन्हा ओरडायला लागेल. तोवर खिडक्यांच्या जाळ्या नीट आहेत का बघा आणि हे सावकाश वाचा.

पाप आहे का, असं तुम्ही विचारलंत. मांजराच्या बाजूनं बघितलं तर नाही. त्या मुलाचं इथपर्यंत बरोबर आहे. शेवंतीला बाप ही गोष्टच ठाऊक नाही. तुमच्या पार्किंगमधल्या भाटीची पिल्लं कोणत्या बोक्याची, हे कुणी विचारायला जात नाही, आणि त्यांत कधी जवळचं रक्त एकत्र येतच नसेल असंही नाही. पण मोकळ्या जनावरांत नाती नसली तरी पांगापांग असते. तुमच्या मागच्या येऊरच्या डोंगरातला बिबट्या घ्या. नर वयात आला की आईच्या हद्दीतून निघतो, भटकतो, मार खातो, दूर कुठेतरी जागा धरतो. त्याला कुणी गोत्र सांगितलेलं नसतं, तरी रक्त फिरत राहतं. फ्लॅटमधल्या मांजराला ही वाट नाही. ग्रिल आपण लावली, दार आपण बंद केलं, बोका कोणता हेही आपणच ठरवलं. मग "प्राण्यांत असंच असतं" हे म्हणायला आपल्याला जागा उरत नाही.

शहापूर तालुक्यात माझ्या आजीकडे दहा-बारा शेळ्या असत. आजी शाळेत गेलेली नव्हती. बोकड दीड-दोन वर्षं ठेवायची आणि त्याच्या लेकी फळायला यायच्या आत तो विकायची, नाहीतर पलीकडच्या पाड्यातल्या बोकडाशी अदलाबदल करायची. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "रगत तेच तेच झालं की करडं मरतुकडी निपजतात." पुढे मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आनुवंशिकीचा पेपर दिला, त्यात याच वाक्याला गणित जोडलेलं होतं. तुमच्या मुलीला बारावीत मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम असतीलच, म्हणून तेही सांगते.

प्रत्येक प्राण्यात, तुमच्या-माझ्यातही, काही दोष झाकलेले असतात. जनुकाची एक प्रत बिघडलेली, दुसरी धड, म्हणून वरून काही दिसत नाही. समजा त्या बोक्यात असा एक दोष आहे. तो शेवंतीत उतरला असण्याची शक्यता निम्मी. उतरला असेल तर तिच्या आणि त्याच्या प्रत्येक पिल्लाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. गुणाकार केला की आठात एक. हा हिशेब एका दोषाचा. असे किती आहेत ते बोक्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अनेक समाजांत चालतं. तशा लग्नातल्या मुलांत दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याचं प्रमाण सव्वासहा टक्के धरतात. बाप-लेक किंवा सख्खी भावंडं असतील तर २५ टक्के, म्हणजे चौपट.

पर्शियन मांजरांत डोळ्याच्या पडद्याचा एक विकार असाच झाकून येतो. आई-बाप दोघेही डोळस, आणि पिल्लू मात्र साधारण चार महिन्यांचं होता होता आंधळं होतं. पिल्लू विकलं जातं त्याच्या आधी, दीड-दोन महिन्यांचं असताना. घेणाऱ्याला वाटतं, आपल्याच घरी काहीतरी झालं.

आता तो मुलगा म्हणेल, काकू, जगातल्या सगळ्या जाती अशाच तर तयार झाल्या. तेही खोटं नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट बेकवेल नावाच्या शेतकऱ्यानं जवळच्या रक्तात जोड्या लावूनच आपली प्रसिद्ध लेस्टर मेंढी घडवली. (गंमत म्हणजे तो मेंढे विकत नसे, हंगामापुरते भाड्यानं देई. बोलीचे व्यवहार तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये सुरू झालेले नाहीत.) प्रयोगशाळेतले उंदीर तर सख्ख्या भावाबहिणीच्या किमान वीस पिढ्या लावून तयार करतात. पण या दोन्हीकडे एक गोष्ट होती जी तुमच्या टू बीएचकेत नाही. बेकवेलचं फसलेलं जनावर खाटकाकडे जाई. उंदरांच्या कित्येक ओळी मध्येच संपून गेल्या आणि जगलेल्यांवर काम पुढे सरकलं. जवळच्या रक्तातून चांगलं वेचायचं तर वाईट टाकून द्यावं लागतं. म्हणून त्या मुलाला मी एकच विचारेन: ज्या पिल्लांचे फोटो तू टाकले नाहीस, त्यांचं काय झालं? तुम्हीही विचारा. आवाज न चढवता, चहा पिताना विचारा. एका वेतात किती झाली, किती जगली, किती विकली. तीन आकडे सांगायला त्याला जेवढा वेळ लागेल, त्यातच पुष्कळ कळेल.

हे झालं नात्याचं. तुमच्या मुलीचा राग इथे आहे आणि तो रास्त आहे. पण उद्या त्या मुलानं शांतपणे सांगितलं, "ठीक आहे काकू, वाशीच्या एकाकडे दुसरा पंच फेस बोका आहे, नात्यातला नाही," तर तुम्ही सुटकेचा श्वास सोडाल. माझा पेच तिथे सुरू होतो.

हे समजायला एक जुनी गोष्ट कामाची आहे. येऊरच्या डोंगरापलीकडे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बाजीराव नावाचा पांढरा वाघ होता. म्हातारा होऊन २०१९ मध्ये गेला. ठाण्या-मुंबईतल्या कित्येकांनी मुलांना नेऊन तो दाखवला असेल, मीही भाच्यांना दाखवला. बंदिवासातल्या बहुतेक पांढऱ्या वाघांचं मूळ एकाच बछड्याशी जाऊन पोचतं. मे १९५१ मध्ये रीव्याचे महाराज मार्तंड सिंह यांनी एक पांढरा बछडा पकडून गोविंदगढच्या महालात ठेवला. त्याचं नाव मोहन. त्याला आधी बेगम नावाची नेहमीच्या रंगाची वाघीण दिली. सगळे बछडे पिवळेच झाले. मग त्यांतल्याच राधाशी, म्हणजे त्याच्या लेकीशी, जोडी लावली आणि १९५८ मध्ये चार पांढरे बछडे झाले: राजा, राणी, सुकेशी, मोहिनी. तुमच्या पत्रातलं नातं अगदी तेच. मोहिनी १९६० मध्ये वॉशिंग्टनला गेली. तिथे तिला जोडीदार मिळाला सॅम्प्सन. तो तिच्या आईचा भाऊ म्हणून मामा, आणि दोघांचा बाप एकच म्हणून सावत्र भाऊ! इंग्रजीत हे नातं सांगायला धाप लागते, आपल्याला दोन शब्दांत कळतं.

पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. एका जनुकातल्या बदलानं पिवळा रंग जातो आणि पट्टे राहतात. तो बदल नेमका कुठे आहे ते चीनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये शोधलं. आता इकडे लक्ष द्या. पांढऱ्या वाघांत मेलेले बछडे, वाकडे कणे अशा ज्या तक्रारी आल्या, त्यांचं खापर जवळच्या रक्तावर फुटतं. पण अनेक पांढरे वाघ तिरळे असतात, ते नात्यामुळे नाही. रंगद्रव्य कमी असलं की डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या काही नसांची वाट चुकते. म्हणजे तिरळेपणा त्या रंगाबरोबरच येतो. कितीही लांबचं रक्त आणलं तरी वाघ पांढरा हवा असेल तर डोळ्यांचं ते दुखणंही बरोबर घ्यावंच लागतं. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेनं २०११ मध्ये आपल्या सदस्यांना पांढरे वाघ मुद्दाम जन्माला घालणं बंद करायला सांगितलं, त्यामागे ही दोन्ही कारणं होती.

शेवंतीच्या बाबतीत बाप हे पहिलं कारण. आणि तिचं तोंड हे दुसरं.

पर्शियन मांजरं पूर्वी अशी नव्हती. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्या काळच्या चित्रांतल्या लांब केसांच्या मांजरांना चांगलं पुढे आलेलं नाक आहे. (आणि पर्शियन म्हणायचं ते नावापुरतंच, आजच्या या मांजरांची जनुकं तपासली तेव्हा त्यांचा गोतावळा पश्चिम युरोपातल्या मांजरांशी जुळला.) नाक आत गेलं ते विसाव्या शतकात, बक्षिसं देणाऱ्यांच्या आणि नंतर विकत घेणाऱ्यांच्या डोळ्याला ते आवडलं म्हणून. आपल्याकडचे विक्रेते डॉल फेस, सेमी पंच, पंच असे दर लावतात. नाक जितकं आत, तितके पैसे वर.

पण आत जातं ते हाड. जीभ, टाळू, दात, नाकातल्या घड्या, डोळ्यांतलं पाणी नाकात नेणारी बारीक नळी, हे सगळं जवळपास तेवढंच राहतं. वन आरकेमध्ये टू बीएचकेचं सामान भरल्यासारखं. नळी मुडपते, म्हणून पाणी नाकात न उतरता गालावर वाहतं. ते तुम्ही रोज कापसानं पुसता. नाकपुड्या चिंचोळ्या आणि टाळू मागे लोंबणारा, म्हणून ती घोरते. डोळे खोबणीबाहेर आल्यासारखे, पापण्या पूर्ण मिटत नाहीत, म्हणून अशा मांजरांच्या बुबुळावर जखमा होतात, कधी काळा खपलीसारखा डाग धरतो आणि तो ऑपरेशननं काढावा लागतो. दात एकमेकांवर चढलेले असतात. ताई, "तब्येत उत्तम, फक्त डोळे आणि घोरणं" असं तुम्ही लिहिलंत ते वाचून मला वाईट वाटलं. तुमचा दोष नाही. प्रत्येक मालक मला असंच सांगायचा. श्वासाला त्रास होणं हा त्या जातीचा स्वभाव, असं आपण एकदा धरून चाललो की ते दुखणं म्हणून दिसेनासंच होतं. आणि ते रुसलेलं तोंड! मांजर रुसत नाही हो. तिच्या तोंडाची ठेवणच तशी केलेली आहे, आपल्याला लहान मूल रुसल्यासारखं दिसावं अशी.

बाळंतपणाचंही बघा. पिल्लांची डोकी मोठी आणि रुंद, म्हणून चपट्या तोंडाच्या मांजरी अडतात, सिझेरियनची वेळ येते. शेवंती जेमतेम अकरा महिन्यांची आहे. जाऊबाईंच्या "एकदा आई होऊ दे" मध्ये माया आहे हे मान्य, पण ती माया आपल्या मनातली आहे. मांजर मातृत्वासाठी झुरत नाही. ती ओरडते ते हॉर्मोन्समुळे, आणि ऑपरेशन झालं की तो विषय तिच्यापुरता संपतो. उलट वर्षाच्या आत गर्भाशय आणि अंडाशय काढलं तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका एका अभ्यासात ८६ टक्क्यांनी कमी दिसला होता. मांजरींत ही गाठ बहुतेक वेळा वाईटच निघते. तुमच्याकडे त्या मुदतीतला एक महिना शिल्लक आहे.

यात मी सोवळी नाही, हेही सांगून टाकते. २००३ च्या सुमारास चपट्या तोंडाच्या पग कुत्र्याची हच कंपनीची ती मोबाईलची जाहिरात आली आणि ठाण्यात घराघरांत पग आले. नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात त्यानंतरची काही वर्षं पगच पग. एक गृहस्थ कळव्याहून एकच मादी घेऊन येत. तिची तीन सिझेरियन मी केली, तीन वर्षांत तीन. पिल्लं नात्यातली आहेत हे मला माहीत होतं, कारण नरही मीच तपासलेला. तिसऱ्या वेळी पोट उघडलं तेव्हा आधीच्या टाक्यांची जागा कागदासारखी पातळ झाली होती. मी नीट शिवलं, बिल केलं, पुढची तारीख दिली. एक शब्द बोलले नाही. गिऱ्हाईक चांगलं होतं. २००८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या लोकांनी हिशेब मांडला की ब्रिटनमधल्या सुमारे १०,००० पगमध्ये मिळून जनुकांची विविधता जेमतेम ५० कुत्र्यांइतकी आहे. ते वाचलं तेव्हा मला त्या मादीचं पोट आठवलं. तिचं नाव मात्र आठवत नाही, आणि ते मला अजून टोचतं.

"सगळे हेच करतात" याचं उत्तर म्हणून एवढं सांगते की सगळीकडे हे चालत नाही. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये कॅव्हेलियर जातीच्या कुत्र्यांचं सध्याच्या पद्धतीनं प्रजनन करणं तिथल्या प्राणीकल्याण कायद्याविरुद्ध ठरवलं. आपल्याकडे कुत्र्यांसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत: ब्रीडरनं नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय लावायची नाही, आयुष्यात पाचांहून जास्त वेतं घ्यायची नाहीत. मांजरांसाठी असे वेगळे प्रजनन नियम नाहीत. म्हणून तुमच्या कॉम्प्लेक्समधल्या त्या मुलाला कायद्याचा धाक घालायला जाऊ नका. त्याचा उपयोग नाही, आणि माझ्या मते तो मुलगा दुष्टही नाही. त्याला जे विकलं जातं ते तो बनवतो. पंच फेसला पंचवीस हजार देणारे आहेत, आठ हजारांत मिळाला म्हणून खूश होणारेही आहेत. हे तुम्हाला लागेल, पण तुम्हीच लिहिलंत की तसंच एक पिल्लू घरी राहिलं तर बरं. बोका तो निवडतो, पण तोंड कसं असावं ते आपण निवडतो.

आता मिस्टरांचा मुद्दा, कारण तुमच्या घरातला खरा तिढा तोच आहे. शब्द दिलाय, हे मी हलक्यानं घेत नाही. ही बोली आपल्या ओळखीची आहे. गावाकडे शेळी अर्धलीवर देतात तशीच ही मांजर तुम्ही आणलीत: जनावर तुझं, सांभाळ माझा, वाढावा वाटून घेऊ. माझी आजीही द्यायची. पण अर्धलीवर दिलेली शेळी गाभण राहिली नाही, किंवा आजारानं लावता आली नाही, तर शेळीला कुणी खेचत नसे. दोघं ओट्यावर बसून पैशात मिटवत. शब्द दोन माणसांतला असतो, तो माणसांनी आपल्या खिशातून फेडायचा. मिस्टरांना विचारा, शब्द पाळायचा तर खर्च शेवंतीच्या पोटातूनच का?

तेव्हा त्या मुलाकडे दोघांनी मिळून जा. मांजर लावणार नाही, ऑपरेशन करणार आहोत, हे आधी सांगून टाका, म्हणजे घासाघीस मांजरावर येणार नाही. मग म्हणा, तू सतरा हजार कमी घेतलेस, ते आम्ही देतो. एकदम जमत नसेल तर दरमहा ठरावीक. तो दोन पिल्लांच्या किमतीचा हिशेब मांडेल, पन्नास हजार म्हणेल. तिथे थांबवा. जन्माला न आलेल्या पिल्लांचा भाव लागत नाही, आणि बापाशीच लावणार हे त्यानंही बोली करताना सांगितलेलं नव्हतं. सतरा हजार ही माझ्या मते सरळ रक्कम आहे. ती देताना मनात किंतु ठेवू नका आणि त्यावर एक रुपयाही देऊ नका.

त्याच बैठकीत त्याच्या बोक्याची सोनोग्राफी झालीय का, तेही विचारा. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे. एके काळी जगभरच्या पाहण्यांत तिनातल्या एकाहून जास्त मांजरांत तो सापडला. हा झाकून येत नाही, एकच प्रत पुरते. बापाला असेल तर शेवंतीला असण्याची शक्यता निम्मी. गाठी हळूहळू वाढतात आणि मांजर मधल्या वयात, साधारण सातव्या वर्षाच्या आसपास, मूत्रपिंड निकामी होऊन जातं. दहा महिन्यांनंतर सोनोग्राफीत तो बऱ्यापैकी खात्रीनं दिसतो, जनुकाची चाचणीही आहे. शेवंतीची करून घ्या. नसेल तर उत्तम. असेल तर पाणी, आहार, रक्ततपासण्या सांभाळून पुष्कळ वर्षं चांगली काढता येतात. आणि तो मुलगा ऐकणारा असेल तर त्याला एवढंच पटवा की बोक्यात गाठी दिसल्या तर तो बोका थांबव, आणि पुढे ठेवायचेच तर नाक असलेले डॉल फेस ठेव. तो एका रात्रीत बदलेल असं मला वाटत नाही. पण त्याला हा प्रश्न विचारणारी काकू आजवर भेटली नसावी.

ऑपरेशनबद्दल. ती आत्ता ओरडत असेल तर ते थांबून आठ-दहा दिवस जाऊ द्या, माजावर असताना रक्तस्राव जास्त होतो. चपट्या तोंडाच्या मांजराला भूल देताना जोखीम भूल उतरताना असते, म्हणून दवाखाना निवडताना दोन गोष्टी विचारा: श्वासनलिकेत नळी घालून गॅसची भूल देतात का, आणि ती पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत कुणी शेजारी बसतं का. "घेऊन जा, घरी उतरेल" म्हणणाऱ्याकडे नेऊ नका. आधी रक्ततपासणी करा, सोनोग्राफी त्याच वेळी होऊन जाईल. डॉक्टरांना तिच्या नाकपुड्याही दाखवा. फार चिंचोळ्या असतील तर त्याच भुलीत त्या थोड्या रुंद करता येतात, आणि मग घोरणं किती कमी होतं ते बघून तुम्हालाच नवल वाटेल.

रोजच्यासाठी: खोल वाटी बंद करा, पसरट ताटली द्या, म्हणजे तोंड बुडवून खावं लागणार नाही. डोळे पुसायला उकळून गार केलेलं पाणी, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस, आणि नाकावरची घडी कोरडी ठेवायची. एप्रिल-मेच्या दुपारी तिला गॅलरीत ठेवू नका. तोंड उघडं टाकून धापा टाकताना दिसली तर तो खेळ समजू नका, तडक दवाखाना गाठा. एक डोळा मिचकावत राहिली तर संध्याकाळपर्यंतही थांबू नका.

दुसरं मांजर हवंसं वाटणं मला समजतं. तुमच्या पार्किंगमध्ये पावसाळ्याच्या तोंडाला हमखास एक वेत असतं. त्यातलं एखादं आणा. शेवंती पहिले पंधरा दिवस फिस्कारेल, मग दोघी एकाच खुर्चीत झोपतील.

आणि दवाखान्यात जाताना मुलीला बरोबर न्या. सोनोग्राफीचा पडदा तिलाही दिसेल अशा जागी उभी राहा म्हणावं, आणि मूत्रपिंड कसं दिसतं ते डॉक्टरांना विचार. मिस्टरांना बास्केट धरायला सांगा.

तुमची,
डॉक्टर मॅडम